पिशवी पालथी करणाऱ्या मेश्राम सिस्टर

हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा मी तंबाखू-सुपारीचा खर्रा चालू ठेवला आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद केली. आमगावला तीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं, हेही इथंच सांगून टाकतो. मागाहून दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा बरं.

माझ्या हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. त्यात जुनी शुगर, थकलेल्या किडन्या आणि हृदयाचा जोर निम्म्यावर. बायपासचा विषय निघताच नागपूरचे सर्जन माझ्याऐवजी बायकोकडे बघून बोलायला लागले. शेवटी गोंदियाच्या डॉक्टरांनी ठरवलं, किडन्यांना सोसेल असं दोन खेपांत स्टेंट टाकायचे. पहिली खेप पार पडली. दुसरीला महिना होता, आणि त्या महिन्यात मी वरचा पराक्रम केला.

गोंदियाच्या त्या दवाखान्यात मेश्राम सिस्टर होत्या. जवळच्याच गोरेगावच्या, ठेंगण्या, चष्मा कायम कपाळावर. पेशंट आला की बीपी नंतर, आधी त्याची पिशवी टेबलावर पालथी. म्हणायच्या, "तोंडाचं काय जी, तोंड काहीही सांगते. गोळ्यांचं पाकीट खोटं नाही बोलत." कुणाच्या पिशवीतून अंगारा निघे, कुणाच्या लोणच्याची बाटली. अंगारा परत मिळे, लोणचं नाही.

मधल्या तपासणीला गेलो, तेव्हा माझ्या पिशवीतून जवळजवळ भरलेलं पाकीट निघालं. सोबत खर्ऱ्याची पन्नी.

"काऊन जी मास्तर, गोळी काऊन नाही खाल्ली?"

मी शास्त्रीय खुलासा सुरू केला.

"किती दिवस झाले?"

"नऊ."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाल्या, "स्टेंटमधी रक्ताची गाठ झाली असती, तं इथपर्यंत पोचले नसते तुम्ही." मग माझा दंड धरून, रांगेतल्या लोकांची बोलणी खात, थेट डॉक्टरांपुढे. तिथल्या तिथं गोळ्या, ईसीजी, भरती. दोन दिवस येता-जाता त्या माझ्या खाटेशी थांबत, मॉनिटर बघत, माझ्याकडे मात्र बघत नसत. दुसरी खेप ठरल्या दिवशी झाली. खर्ऱ्याची पन्नी त्यांनी बायकोच्या हाती दिली होती; खर्रा कसा सुटला, ते विचारू नका.

गेल्या महिन्यात सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाला मी आग्रहानं बोलायला उठलो. त्या दिवशी त्यांनी पिशवी पालथी केली नसती तर माझी बायको आज एकटी असती, हे सांगून झालं. तरी मी थांबेना. तेव्हा हार घातलेल्या सिस्टर खुर्चीवरूनच कडाडल्या,

"बसा जी मास्तर खाली! भाषण ठोकाले नाही वाचवलं तुम्हाले!"