मुक्या व्हायोलिनचे साक्षीदार

द्वारका चौकाजवळच्या व्हायोलिनच्या क्लासमध्ये सरांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "ऑनलाइनचं स्वस्त व्हायोलिन आणणार असाल तर येऊ नका. खेळण्यावर मी शिकवत नाही."

मला राग आला. महागडं वाद्य परवडेल त्यानेच सूर शिकायचा, हा नियम कोणी केला? पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडणाऱ्या बायकांच्या मजुरीवर मी संघटनेची पत्रकं लिहिते. अशी वाक्यं ऐकून घ्यायची मला सवय नाही. मी म्हणाले, "रविवारी आणते. वाजलं तर शिकवायचं."

"वाजलं तर," सर म्हणाले.

नवशिक्यांसाठीचं, आमच्या घराला झेपेल असं व्हायोलिन मागवलं. गुरुवारी आलं. सोबत गज आणि फडक्यात गुंडाळलेली मधाच्या रंगाची एक वडी. लाकडाचं पॉलिश असेल म्हणून ती व्हायोलिनच्या पाठीवर चोळली. काही लागेना, ठेवून दिली. मग गज तारेवर ओढला. आवाज नाही. दाबून ओढला. काचेवरून सरकावा तसा नुसता सरकला.

आई म्हणाली, "हळू वाजवतेयस का?"

म्हणजे सर बरोबर? ते मला मान्यच नव्हतं. विक्रेता लबाड, एवढंच शक्य होतं. एका बैठकीत तक्रार लिहून काढली: 'नवशिक्यांच्या अज्ञानावर चालणारा हा धंदा बंद झाला पाहिजे.' आमच्या संघटनेची शिस्त अशी की एकट्याची तक्रार पाठवायची नाही. दोन साक्षीदार हवेत, घरचे चालत नाहीत, आणि सही स्वतः पाहूनच करायची. समोरच्या मावशींनी गज ओढून पाहिला, मान हलवली, सही केली. दुसऱ्या सहीसाठी मी व्हायोलिनची पेटी घेऊन पिठाच्या गिरणीत गेले.

गिरणीवाले काका निफाडकडचे. त्यांनी हात पुसले, कागद बाजूला ठेवला आणि आधी पेटीत डोकावले.

"राळ दिलीय की."

"पॉलिश आहे ते, काका."

"पॉलिश नाय. गिरणीचा पट्टा सटकाया लागला का मी हीच लावतो. तुझा गज सटकतोय, दुसरं काय."

वडीवरची चकाकी त्यांनी ब्लेडने खरवडली आणि गजाच्या केसांवर ती वरपासून खालपर्यंत, अजिबात घाई न करता घासली. "वढ आता."

ओढला. दळणाच्या रांगेतल्या बायका डबे सोडून वळल्या.

"लय वाईट हाय," काका म्हणाले. "पण हाय. सही नाय करत मी."

मावशींना जाऊन सांगावं लागलं की त्यांची सही रद्द.

"मग मी खोटी साक्ष दिली का गं?"

"नाही मावशी. तुम्ही पाहिलं ते खरंच होतं. मलाच कळलं नव्हतं."

असं वाक्य मी आजवर एकाही पत्रकात लिहिलेलं नाही. विक्रेत्यावरचा आरोप मागे घेतला. पण नव्या गजाला राळ लावल्याशिवाय आवाज निघत नाही, ही एक ओळ मराठीत छापून खोक्यात टाकायला काय होतं? ते मात्र त्याला लिहून कळवलं, माझ्या एकटीच्या सहीने.

रविवारी सरांनी व्हायोलिन उलटसुलट पाहिलं. खुंट्या पिळल्या, वाद्य कानाशी नेऊन तारा जुळवल्या आणि एक लांब गज ओढला. सूर खोलीभर राहिला. त्यांनी आणखी एकदा ओढला, यावेळी डोळे मिटून. मग वाद्य माझ्या हातात दिलं.

"मांडी घालून बस. उजवा पाय जरा पुढे घे, व्हायोलिनचं टोक त्यावर टेकव."

मी बसले.