हनुवटीवरची अक्षरं

अरुणदादा गेल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं, आणि मी घरातून निघेपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा श्रद्धांजलीचा फोटो येऊनही पडला होता. कुणीतरी घाईत बनवलेला. गुलाबाच्या पाकळ्या, समई, आणि नाव थेट कपाळावर. अंबरनाथहून बदलापूरला रिक्षाने जाताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की दादाने हे नाव आधी खाली घेतलं असतं. रडू नंतर आलं.

दादा माझा मावसभाऊ. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ त्याचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान होतं. मधली काही वर्षं मीही तिथे कॉम्प्युटरवर बसायचे. गिऱ्हाईक यायचं ते मोबाइलमध्ये दुसरीकडून करून घेतलेला एखादा जुना बॅनर घेऊन. "साईं, भाई का नाम थोडा नीचे लो ना, मेरा ऊपर," असं एखादं सिंधी गिऱ्हाईक म्हणायचं. इतकं साधं काम. पण मूळ फाइल कुणाकडेच नसायची. मूळ फाइलमध्ये अक्षरं वेगळ्या थरावर असतात, उचलून हवी तिथे ठेवता येतात. एकदा ती सपाट करून फोटो झाला, की अक्षरं आणि मागचं चित्र एकजीव. मग अक्षर उचललं की तिथे भोक पडतं. आजूबाजूचा रंग, आजूबाजूची नक्षी आणून ते बुजवायचं, हे दादाचं खरं काम. "लोकांना वाटतं, अक्षर सरकवलं की मागचं दिसेल," तो म्हणायचा. "खाली काही नसतं गं. आपणच भरायचं."

जांभूळ गावचा एक मुलगा लग्नपत्रिका घेऊन आला होता ते मला चांगलं आठवतं. पत्रिका ठरली, घरच्यांनी पाहिली आणि छापायच्या आत आजोबा गेले. निमंत्रकांतलं त्यांचं नाव आता 'कै.' लावून वर, गणपतीच्या खाली घ्यायचं होतं. फाइल ज्या दुकानात केली तिथला कॉम्प्युटर बिघडलेला. मी म्हटलं, नाव नव्याने टाइप करून देते. तो म्हणाला, "नको. आज्याचा नाव वर घ्या, पन अक्षरां तीच ठेवा. ती त्याने बघलेली हाईत." दादाने माझ्याकडून माऊस काढून घेतला आणि दुपारचं जेवण बाजूला ठेवून ते नाव एकेक अक्षर करून वर नेलं. खालची वेलबुट्टी अशी भरली की तिथे कधी काही होतं असं वाटू नये. एरवी तसा खडूसच माणूस. त्या मुलाला मात्र चहा पाजून पाठवला.

त्याचा एक नियम होता. भिंत भरायची, आकाश भरायचं, शर्ट भरायचा. चेहरा भरायचा नाही. तोंडावर अक्षर आलं असेल तर दुसरा फोटो आणा म्हणून सांगायचं. "माणसाचं तोंड मी बनवणार नाही." एक बाई यावरून तणतणत निघून गेल्या, तरी तो ढिम्म.

दिवसकार्याआधी वहिनीने मला त्याच्याच कॉम्प्युटरसमोर बसवलं. भिंतीवर लावायला दादाचा फोटो हवा होता. बदलापूरच्या मांजर्लीतलं त्यांचं घर तळमजल्यावरचं. उल्हास नदीचं पाणी आत शिरलं त्या वर्षी सगळे अल्बम लगदा होऊन गेले. नंतरचे फोटो होते ते बहुतेक आजारपणातले, गाल बसलेले. चांगला असा एकच उरला होता. त्याच्या साठीला मित्रांनी काढलेला. दादा मनापासून हसतोय, आणि त्यावर त्या मित्रांनी हौसेने 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहून ग्रुपवर टाकलेलं. ज्याने काढला त्याचा फोन चोरीला गेला, म्हणजे मूळ फोटोही गेला. 'वाढदिवसाच्या' आणि 'हार्दिक' बाजूला भिंतीवर होते. 'शुभेच्छा' नेमकं हनुवटीवर.

"एवढं काढ," वहिनी म्हणाली. "मला हे हसताना हवेत. तुला येतं ना?"

येत होतं. भिंत लगेच झाली. हनुवटीपाशी मात्र माझा हात थांबला... पण वहिनी मागे उभी होती. मी गालावरची कातडी घेतली, दाढीच्या खुंटांची दिशा जुळवली, सावली दिली. दादाने शिकवलेलं सगळं तिथे वापरलं. काम चांगलं झालं, उगाच कशाला नाही म्हणू.

वहिनीने बराच वेळ पाहिलं. "यांची खूण कुठे गेली?"

लहानपणी दादा आमच्या अंगणात सायकलवरून पडला होता, त्याची हनुवटीवर आडवी खूण होती. मी ती काढायला घेतली. डावीकडे.

"डावीकडे नाही, उजवीकडे," वहिनी म्हणाली.

मी त्याला पडताना पाहिलेलं. तिने उभा संसार त्या तोंडाकडे बघत केलेला. दोघी स्क्रीनसमोर बसून आपापल्या हनुवटीला बोट लावून पाहत होतो, आणि आमचं काही जमेना. मला फार वाईट वाटलं. माणूस जाऊन आठवडाही झाला नव्हता.

"राहू दे," शेवटी वहिनी म्हणाली. "होता तसाच लाव."

"अहो वहिनी, हार घालणार त्याला. शुभेच्छा लिहिलंय त्यावर."

"असू दे लिहिलेलं. खाली हेच आहेत ना?"

दादाचं उत्तर मला पाठ होतं. ते मी दिलं नाही. भिंतीवरचे दोन शब्द तेवढे पुसले आणि बाकी फोटो तसाच छापायला दिला.

आता तो त्यांच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर आहे. येणारा माणूस हात जोडतो, ती अक्षरं वाचतो आणि गोंधळून दुसरीकडे बघतो. कुणी विचारलंच तर वहिनी 'साठीचा आहे' एवढंच सांगते. परवा मी गेले तेव्हा ती काच पुसत होती. फडकं हनुवटीपाशी आलं तसा तिचा अंगठा अक्षरांवरून सावकाश फिरला.

"उजवीकडेच होती," ती म्हणाली.

मला अजूनही डावीकडे आठवते. मी हो म्हटलं.