आपलं दुकान

समोरच्या खोलीतले काका साधा खिळासुद्धा लालबागच्या एकाच हार्डवेअरवाल्याकडून घ्यायचे. त्याला ‘आपलं दुकान’ म्हणायचे, जणू गल्ल्यावर तेच बसतात. तिथे त्यांना कुणी ओळखत होतं का, देव जाणे. चाळीत कुणी दुसरीकडून कडी आणली, की ती तळहातावर नाचवून म्हणायचे, "हलकी आहे रे. आपल्याकडे जायचं ना!" लालबागचं दुकान बंद झालं तेव्हा ते त्याच कुटुंबाच्या दादरच्या दुकानात जायला लागले. तेही बंद झालं, मग गिरगावच्या.

यंदा त्यांच्या दाराची बिजागरी तुटली. दार सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलेलं. "जाईन गिरगावला सवडीने," म्हणायचे. गुडघे दुखत असतील, असं मला वाटलं. शेवटी मीच नाक्यावरून बिजागरी आणली आणि थाप मारली, "काका, गिरगावहून आणली, आपल्या दुकानातून."

त्यांनी ती नाचवूनही पाहिली नाही.

"ते गणपतीआधीच बंद झालं," ते म्हणाले. "शटरला हात लावून आलो मी."

बिजागरी त्यांनी माझ्या हातात परत दिली, दार ओढून घेतलं आणि आतून सुतळी पुन्हा बांधायला लागले. फटीतून त्यांची बोटं दिसत होती.