चार तारांवर आलेली पूर्ण स्पीड

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. चारचौघांत बोलायलाही जमत नाही. तुमच्या पानावर येणारे लोकांचे अनुभव माझी मुलगी वर्षा मला मोबाइलवर वाचून दाखवते, म्हणून लिहायला बसले. पाठवीन की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

एक सांगते... भूत, भानामती असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं भाजीचं शेत स्मशानाला लागून होतं. तिथं अंधार पडेपर्यंत मी एकटीनं वांगी तोडली आहेत. कधी काही दिसलं नाही. आणि हे तर भर दिवसा, घरातल्या टेबलावर घडलं. अजून घडतं आहे.

आम्ही सिंदी रेल्वेला राहतो. रुळाच्या पलीकडे, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत, शेवटून दुसरं घर. घरात मी आणि वर्षा, तिचे बाबा नाहीत. वर्षा पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बिल्डिंगांची चित्रं तयार करते. गेल्या हिवाळ्यात मी अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, सेवाग्रामच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. वॉकर धरल्याशिवाय न्हाणीपर्यंतही जाता येईना. वर्षा पुण्याहून आली. कंपनीनं घरून काम करू दिलं, पण अट घातली — तिच्या फाइली फार मोठ्या, म्हणून इंटरनेटची स्पीड दीडशेच्या वर पाहिजे. दर सोमवारी ते तपासणार. कमी भरली तर पुण्याला परत.

ती गेली की घरात मी एकटी. न्हाणीत पडले तर उचलायला कोण?

आमच्या भागात केबलचं काम गजूभाऊ बघतात. त्यांनी फायबरची लाइन आणली, दोनशेचा प्लॅन दिला आणि प्लॅनसोबत मिळणारा पांढरा डबा भिंतीला ठोकला. वर्षानं डब्याखालचं बारीक अक्षर वाचलं.

"काका, हा तर शंभरवाला आहे. मग दोनशेचे पैसे काऊन घेता?"

"बेटा, लाइन दोनशेचीच हाये. टाकी भरून पानी हाये, पण तोटी अर्ध्या इंचाची! नव्वद-पंच्याण्णवच्या वर नाई जात. मोठा डबा लागते, त्याचे वेगळे साडेतीन हजार."

मी भाजीचे साठवलेले पैसे काढून दिले. "शुक्रवारी आणतो वहिनी," म्हणाले. शुक्रवार गेला. सोमवार आला.

वर्षाचा चेहरा उतरलेला होता. डब्यावर नारिंगी दिवा. शंभरची जोडणी असली की नारिंगी, मोठी असली की हिरवा, असं तिनं मला समजावून सांगितलं होतं. तिनं तपासणीचं बटण दाबलं. काटा चढू लागला. नव्वदवर थांबेल म्हणून आम्ही दोघी बघत होतो... थांबला नाही. एकशे अठ्ठ्याण्णव.

"माय, असं होऊच शकत नाई," वर्षा म्हणाली. तिनं वेगवेगळ्या साइटवर तपासून पाहिलं. तेच. कंपनीच्या माणसाचा पुण्याहून फोन आला, "लाइन छान आहे तुमची."

दिवा मात्र नारिंगीच.

तुम्ही म्हणाल, यात भ्यायचं काय? चांगलंच तर झालं. वर्षालाही आधी गंमतच वाटली. पण मला ते पचेना. जे का आलं ते माहीत नाही, ते का जाईल हेही माहीत नसतं ना! रविवारी रात्री झोप यायची नाही. डब्यावरची धूळ पुसायला हात धजेना. मिक्सर लावला आणि स्पीड गेली तर? म्हणून ओट्याशी उभी राहून चटणी खलबत्त्यात कुटायची. आणि दुसरी भीती... ही वरची शंभर कोणाची? उद्या कोणी आम्हाला चोर म्हटलं तर?

शेजारच्या शांताबाईकडे तोच प्लॅन, तोच डबा. वर्षानं तिथं जाऊन तपासलं. ब्याण्णव, जेवढी यायला पाहिजे तेवढीच. म्हणजे त्यांची आमच्याकडे येत नव्हती. शांताबाई हसून म्हणाली, "काऊन वो, डब्याले निंबू-मिरची नाई बांधली का? एवढ्या गुणाच्या लेकराले नजर लागन!" मला हसू आलं नाही.

गजूभाऊंना फोन लावला.

"वहिनी, फुल स्पीड भेटून राह्यली ना? मंग मोठा डबा कायले पायजे? बिल भरा अन् निवांत राहा."

मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "मग माझे पैसे द्या भाऊ."

"देतो ना. पळून चाललो का मी?"

शेवटी वर्षानं त्यांना बळंच घरी बोलावलं. ते हसतच आले. "पोरीनं काईतरी उलटं पाह्यलं असन," म्हणाले आणि आपला लॅपटॉप तारेनं जोडला. एकशे अठ्ठ्याण्णव. हसणं थांबलं. डबा काढून गाडीवर दुकानात नेला, तिथं चौऱ्याण्णव. दुकानातला दुसरा तसलाच डबा आणून आमच्याकडे लावला. एकशे अठ्ठ्याण्णव!

मग त्यांनी डब्यातून लॅपटॉपला जाणारी तार उपसली आणि तिचं काचेसारखं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. ही तार त्यांनीच बनवलेली. आत आठ बारीक तारा असतात, त्यांनी घाईत चारच जोडल्या होत्या, बाकीच्या कापून टाकल्या होत्या.

"चार तारांवर शंभरच जाते," ते हळूच म्हणाले. "डब्याचं सोडा वहिनी... ह्या तारेतूनच जाऊ शकत नाई."

तेच टोक पुन्हा खोचलं. एकशे अठ्ठ्याण्णव.

मी केलेला चहा तसाच राहिला. ते चपला घालत होते तेव्हा मी वॉकर सरकवत दारापर्यंत गेले. "भाऊ, हे बंद तर नाही ना होणार?"

"मले नका विचारू वहिनी. मी इथं आलोच नाई, असं समजा."

वर्षानं कंपनीतल्या इंजिनियर मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, मोजण्यात चूक असेल. पण शांताबाईकडून पाठवायला एखादी फाइल जेवढा वेळ घेते, त्याच्या निम्म्यात ती आमच्याकडून जाते, हे तर आम्ही समोर बघतो. चूक कुठे आहे? कारण अजून कोणालाच सांगता आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात दुपारी फाटकाशी गाडी थांबली. गजूभाऊ होते. गाडी बंद केली नाही, आतही आले नाहीत.

"वहिनी, हे घ्या तुमचे."

"पैसे कायले, भाऊ? मोठा डबाच आणा ना." मला खरंच तोच पाहिजे होता. हिरवा दिवा लागला असता, सगळं रीतसर झालं असतं, मला झोप लागली असती.

"आणला असता. पण जिथं हिसाबच लागत नाई, तिथं मोठा डबा लावला अन् हे गेलं तं? पोरीले पुण्याले जा लागन. मी नाई लावत. दुसऱ्या कोणालेही लावू देऊ नका."

मी मागे वळून पाहिलं. आत वर्षा काम करत होती, भिंतीवर नारिंगी दिवा लुकलुकत होता.

गजूभाऊंनी कोणाचे घेतलेले पैसे परत केल्याचं आमच्या गल्लीत आजवर कोणी ऐकलेलं नाही. माझे त्यांनी फाटकावरूनच हातात ठेवले. पूर्ण साडेतीन हजार.