कोऱ्या सह्यांची फाइल

आमच्या आळीतली जुनी दगडी घरं पाडायला निघालेल्या बिल्डरविरुद्ध आम्ही चार वर्षं अर्ज करत होतो. अर्ज मीच लिहायचो. दर वेळी सह्यांसाठी घरोघर फिरायचा कंटाळा, म्हणून आम्ही एक सोय केली होती. लोक कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करून माझ्याकडे ठेवायचे आणि मी वर मजकूर लिहायचो.

एका दुपारी बिल्डरचा माणूस आला. "फाइल जरा बघायला द्या, संध्याकाळी आणून देतो," म्हणाला. मला तळमजल्यावर फ्लॅट कबूल झाला होता. बायकोचे गुडघे गेले होते आणि खरं सांगायचं तर मीही थकलो होतो. फाइलमध्ये काय आहे, ते मला पक्कं माहीत होतं. तरी मी दिली.

सुनावणीत त्याच सह्यांवर संमतिपत्रं छापलेली निघाली आणि निकाल बिल्डरच्या बाजूने लागला. लोकांनी आमचे अर्ज जमा करून घेणाऱ्या कचेरीतल्या कारकुनावर संशय घेतला. मी गप्प बसलो.

परवा समोरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी गॅस बंद केला.

"एवढं कळायला दोन वर्षं लागली तुम्हाला?"

"कळलं तेव्हाच होतं, बाई. सांगायला लागली."

"मग आता हेच लेखी द्या. आपलं अपील अजून चालू आहे."

"आळीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

"नाहीच राहणार. पण घरं वाचली, तर लोक तुम्हाला शिव्या द्यायला तरी इथेच असतील."

मी त्यांच्याकडे कागद मागितला.