दरवाजा उधर है

५ नोव्हेंबर १९९३, शुक्रवार. बहरैनमधल्या गुदैबियाचा फ्लॅट परवा सोडायचा होता आणि मी भांडी खोक्यांत भरत होते. इमारत पाडणारच होते, म्हणून स्वयंपाकघर घासायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. "अकरा वर्षं राहिलो, सार गावचे जुने अवशेष एकदा तरी बघू," म्हणत ह्यांनी मला उठवलं.

चार हजार वर्षांपूर्वीचं गाव, गुडघ्याएवढ्या भिंती. मी सरळ एक ओलांडली.

"ओ बहन, दरवाजा उधर है!" खजुरीच्या फड्यानं वाळू झाडणारा म्हातारा बहरैनी राखणदार ओरडला.

"छप्पर नाही आणि दाराचं काय!" हे पुटपुटले. मी मात्र मागे फिरून दारातून आत गेले.

कोपऱ्यात चूल होती. बाजूला पाण्याचं टाकं, बसल्या जागी हात पोहोचेल असं. इथे कोणीतरी रोज स्वयंपाक केला होता.

म्हातारा उकिडवा बसून चुलीतली वाळू ओंजळीनं काढू लागला.

"कल फिर भरेगा ना?" मी विचारलं.

"भरेगा. ये चूल्हा हम अपने हाथ से खोदके निकाला, बहन. अंदर राख भी नहीं था. जो इधर रहता था, वो साफ करके गया. हम गंदा कैसे रखेगा?"

निघताना हेसुद्धा दारातूनच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधलेलं खोकं सोडलं, घासणी काढली आणि ओटा घासला. गॅसच्या मागची फरशीसुद्धा.