छावणीच्या वर्षी गाल भरायचे की नाही

शबाना आपांचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं सांगते. बीडमध्ये मला काम मिळालं ते त्यांच्यामुळे, आणि टिकलं तेही त्यांच्यामुळेच. आपा आमच्या स्किन क्लिनिकच्या जुन्या नर्स. मी कोकणातली, राजापूरकडची, नववीत शाळा सुटलेली. नवरा इथल्या सहकारी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन, म्हणून इकडे आले. दुष्काळ पडला, ऊसच नाही म्हटल्यावर गाळप बंद झालं आणि नवरा घरी बसला. आम्ही भाड्यानं राहायचो त्याच गल्लीत आपांचं घर. टँकरच्या रांगेत त्यांनी मला विचारलं, क्लिनिकात येती का, माणसांशी बोलायचं काम हाय. मी म्हटलं, मला इथली बोलीच धड कळत नाही. त्या म्हणाल्या, "मग तू कान देऊन ऐकशील. ज्यांना कळतं ते ऐकत न्हाईत."

तर त्या दिवशी पद्मिनबाई माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, आणि त्यांचा मुलगा नंदकुमार माझ्या टेबलावर मोबाईल ठेवून म्हणत होता, "असं करून द्या."

मोबाईलवर एका फ्लेक्सचा फोटो होता. फ्लेक्सवर पद्मिनबाईच होत्या, पण गाल चांगले गरगरीत. छापणाऱ्यानं कॉम्प्युटरवर भरले होते. खुर्चीतल्या बाईंचे गाल आत गेलेले, डोळ्याखाली खड्डे, हाडं वर आलेली. वय काही फार नव्हतं. अंगानं काटक, आवाज खणखणीत. फक्त चेहरा आजारी माणसाचा.

नेकनूरच्या पुढं त्यांचं गाव. तिथल्या महिला दूध संस्थेच्या त्या चेअरमन. नंदकुमारचं चौसाळ्याला खताचं दुकान. संस्थेची निवडणूक जवळ आली होती, आणि गावातल्या दुसऱ्या गटानं उठवून दिलं होतं की बाईला आतून मोठा आजार हाय, औंदा निवडून दिलं तरी ती टिकायची न्हाई. बाया काळजीनं विचारायला यायच्या आणि बघून गप्प व्हायच्या. पद्मिनबाई हरल्या तर संस्था त्या गटाकडे जाणार, म्हणजे नावाला कुणाची तरी बायको आणि कारभार तिच्या नवऱ्याचा. गावातली जनावरांची छावणीही तीच संस्था चालवत होती. पद्मिनबाईंना खुर्ची त्यासाठी हवी होती.

"माय, सांग की त्यांना," नंदकुमार म्हणाला.

"काय सांगू? ह्यांना दिसतंयच की," त्या म्हणाल्या. "माझं तोंड बघून म्हस पण दूध आटवंल."

आता माझं काम सांगते. त्याला क्लिनिकात काउन्सेलिंग म्हणतात. सुई टोचायचं काम डॉक्टर मॅडमचं. त्याआधी पेशंटला काय होणार, काय होऊ शकतं, हे त्याच्या बोलीत समजावणं, प्रश्न विचारणं आणि ते मॅडमना सांगणं, एवढं माझं. गाल भरायला वापरतात ते फिलर म्हणजे जेल. आपल्या कातडीत पाणी धरून ठेवणारा एक पदार्थ असतोच, वय वाढलं की तो कमी होतो. तसाच पदार्थ जेल करून सुईनं खड्ड्यात भरतात. गाल लगेच वर येतो. कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. कायमचं नसतं, काही महिन्यांनी, कधी वर्षभरानं किंवा जास्त दिवसांनी हळूहळू विरतं.

पाणी धरून ठेवतं म्हटल्यावर पद्मिनबाई म्हणाल्या, "मग ते आमच्या तळ्यात टाका आधी."

नंदकुमारला हसू आलं नाही. त्याला घाई होती. संस्थेची सर्वसाधारण सभा जवळ आली होती आणि तिथं आईचा चेहरा फ्लेक्ससारखा दिसायला हवा होता. मी त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो उठला, पण जाताना म्हणाला की मॅडमच्या दवाखान्याला इथं कुणाकुणाची ओळख लागते ते आम्हालाही माहीत हाय. धमकी मला कळली. घरात एकटीचाच पगार होता.

मग मी प्रश्न विचारायला घेतले. ताप? न्हाई. बीपी, शुगर? न्हाई. रक्त पातळ करायची गोळी? न्हाई. दातांचं काही दुखणं? न्हाई. एका सुरात. प्रश्न संपायच्या आत उत्तर.

मला इथं आपांची आठवण झाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं, इथल्या बाईला आजार विचारू नको. आजार म्हटला की लग्नाची पोरगी डोळ्यासमोर येते, सासू येते, आणि निवडणूक असली तर मतंही येतात. ती न्हाईच म्हणणार. त्यापेक्षा काय लावता, काय खाता, कशानं बरं वाटतं, हे विचार. औषध सांगताना माणूस खोटं बोलत नाही, उलट कौतुकानं सांगतं.

मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, "मावशी, दातांना काय लावता?"

"मिश्री," त्या म्हणाल्या. मिश्री म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड.

"सगळीकडे?"

"लावते सगळीकडं. हिथं मातर दाबून ठेवते." त्यांनी डाव्या गालाला मागच्या बाजूला बोट लावलं. "वरून लवंग. मग बरं राहतं. लई गुणकारी हाय. आमच्या नणंदेलाबी मीच सांगितलं."

"कावून दाबून ठेवता?" कावून म्हणजे का, हा शब्द मी इथंच शिकले.

त्यांनी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दाढ ठणकती. लई दिसापासून. तिकडून चावताच येत न्हाई. भाकर कुस्करून गिळते. पण बाई, हे बाहेर बोलू नको. आजारी म्हणायलेत त्यांना आयतंच मिळंल."

मी म्हटलं, बाहेर कुणाला नाही सांगणार, पण मॅडमना सांगावंच लागेल, तुमच्याच भल्यासाठी. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि होय म्हणून मान हलवली.

मी मॅडमना सगळं सांगितलं. हातचा पेशंट चालला, आणि तोही ओळखीपाळखीवाला, हे मला कळत होतं. मॅडम म्हणाल्या, "तोंड मी बघणारच होते. पण भूल यायचं क्रीम लावायच्या आधी कळलं ते बरं." त्यांनी टॉर्च लावून आत पाहिलं. वरच्या मागच्या दाढा बऱ्याच गेलेल्या, आणि खाली एक किडलेली, हिरडी सुजलेली, दाबलं की पू.

इथं थोडं सांगायला हवं. तोंडात जंतूंचा साठा असताना गालात जेल भरलं तर ते जंतू तिथपर्यंत पोचू शकतात. जेलमध्ये बसले तर गाठी होतात, गाल लाल होऊन सुजतो, आणि ते निस्तरायला फार वेळ जातो. म्हणून आधी दात, मगच फिलर. मॅडमनी नंदकुमारला आत बोलावून हे शांतपणे सांगितलं, पण आधी पद्मिनबाईंना विचारून, त्यांनी मुलाला दाढेचं सांगायला होकार दिल्यावरच.

तो भडकला. म्हणाला, एवढ्या किरकोळ दाढेसाठी सभा थांबणार हाय का? एक पार्लरवाली बिनसुईच्या पेननं असलंच काहीतरी भरून देते, तिच्याकडं जातो.

मॅडम म्हणाल्या, "जा. पण तिला आधी एक विचारा. जेल चुकून रक्ताच्या नळीत गेलं तर ती काय करणार?"

"म्हणजे?"

"क्वचितच होतं. मी करताना सुद्धा होऊ शकतं. नळी बुजली तर वरची कातडी मरते. डोळ्याकडची नळी असेल तर नजर जाते. माझ्याकडे ते जेल विरघळवायचं इंजेक्शन आहे, आणि काय बघायचं ते मला कळतं. एवढं असूनही मी घाबरूनच हात घालते."

नंदकुमार आईकडे बघायला लागला. पद्मिनबाई उठल्या आणि म्हणाल्या, "दाताचा डाक्टर कुठं बसतो तेवढं सांगा."

शेजारच्याच इमारतीत दातांचे डॉक्टर होते. आपा स्वतः त्यांना घेऊन गेल्या, हात धरून. आधी गोळ्या, मग दाढ काढली. मिश्री बंद करायला सांगितली. पद्मिनबाई म्हणाल्या, कमी करते. आपा म्हणाल्या, "बंद म्हणजे बंद, बहन. दाढेशी कसली वाटाघाट करतीस?"

हिरडी भरल्यावर पद्मिनबाई परत आल्या, या वेळी एकट्या, नेकनूरहून एसटीनं. दोन्ही बाजूंनी जेवता येत होतं, त्यामुळे तोंडावर जरा तरतरी होती. पण खड्डे होतेच. दाढा गेल्या की गाल आत जाणारच. सभा अजून व्हायची होती. त्यांनी सांगितलं की आता सगळं परत सांग, फायद्याचं आणि तोट्याचं, आणि पोरगं न्हाई तर घाई न करता सांग.

मी सांगितलं. फायदा लगेच दिसतो. चेहरा थकलेला वाटत नाही. जास्त झालं किंवा आवडलं नाही तर विरघळवता येतं. तोट्यात, सूज येणार, काळंनिळं पडू शकतं, कधी एक गाल कमी एक जास्त दिसतो, कधी हाताला गाठ लागते. जंतू जाऊ शकतात. आणि मॅडम बोलल्या तो रक्ताच्या नळीचा धोका, हजारांत एखाद्यालाच का होईना, सांगायचा सगळ्यांना. नंतर काही दिवस गाल चोळायचा नाही, चुलीच्या धगीपुढं बसायचं नाही. खूप दुखलं, कातडी पांढरी किंवा जांभळट जाळीसारखी दिसली, नजर अंधुक झाली, तर सकाळची वाट न बघता यायचं.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सूज म्हणजे सभेत मी अजून फुगलेली दिसंल?"

"थोडी. पण ती उतरते. मग गाल भरलेले राहतात."

"हां." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "बाई, तू छावणी बघितलीस का?"

मी नव्हती बघितली. त्यांनी सांगितलं. गावातली जनावरं दावणीला, प्रत्येकाच्या कानात बिल्ला, आणि त्यांच्याजवळ बाया दिवसभर बसलेल्या. बाहेरच्या जिल्ह्यातून उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, आलं की नजर गाडीवर. एक पेंढी कमी दिसली तरी चेअरमनकडं बघतात. तोंडानं बोलत न्हाईत, नुसतं बघतात. टँकर उशिरा आला तरी तसंच. पद्मिनबाई रोज सकाळी त्यांच्यातच बसायच्या.

"सगळ्या वाळल्यात," त्या म्हणाल्या. "बाया वाळल्यात, जनावरं वाळलीत. अशात माझेच गाल भरले तर काय म्हणतील? जनावरांचा चारा बाईच्या गालात गेला म्हणतील. आजारी म्हणत होते ते परवडलं."

फॉर्ममधल्या तोट्यांत हा तोटा कुठंच नव्हता. मी म्हटलं, मॅडमशी बोला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी अगदी थोडं भरू शकते, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं."

"कुणाच्या लक्षात येणार न्हाई तर मग भरायचं कावून?" पद्मिनबाई म्हणाल्या. मॅडम हसल्या. फिलर झालं नाही.

त्या गेल्यावर मी आपांना विचारलं, आता मला काढतील का. आपा सुया मोजून ठेवत होत्या. न बघताच म्हणाल्या, "कुणी टोचून घेतलं न्हाई म्हणून आजवर कुणाला काढलं न्हाई. टोचून बिघडलं तर काढतील."

सभेत काय झालं ते मला नंतर नंदकुमारकडूनच कळलं. तो शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडून आईचं औषध न्यायला आला होता आणि आता माझ्याशी नीट बोलत होता. सभेत कुणीतरी उठून विचारलं, चेअरमनबाईंच्या तब्येतीचं खरं काय ते सभासदांना कळू द्या. पद्मिनबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला, तोंड उघडून बोटानं गाल बाजूला ओढला आणि पुढच्या ओळीतल्या बायांना वाकून बघायला लावलं.

"हा आजार होता," त्या म्हणाल्या. "उपटला. आता भाकर बी खाते आन् भांडते बी. कुणाला अजून काय बघायचं आसंल तर छावणीत या, सकाळी तिथंच असते."

आधी एक म्हातारी हसली, मग सगळ्याच. फ्लेक्स नंदकुमारनं स्वतःच उतरवला, कारण सभेनंतर पोरं त्याला विचारायला लागली होती की ही गरगरीत बाई कोणत्या गावची बे. पद्मिनबाई निवडून आल्या, काही फार मतांनी नाही, पण आल्या. छावणी त्यांच्याच हाताखाली शेवटपर्यंत चालली.

पाऊस बरा झाला त्यानंतरच्या एका दिवाळीआधी त्या पुन्हा आमच्या दारात उभ्या. छावण्या केव्हाच उठल्या होत्या. पिशवीत खवा होता, संस्थेच्या दुधाचा. मला म्हणाल्या, आता भरा. मी विचारलं, निवडणूक आहे का. त्या म्हणाल्या, निवडणूक न्हाई, सभा न्हाई, काही न्हाई. आरशात बघते तवा मला मीच दमलेली वाटते, आन् मी दमलेली न्हाई.

मी सगळे प्रश्न पुन्हा विचारले, काय लावता हेही विचारलं. मॅडमनी तोंड तपासलं आणि थोडं थोडं भरलं. डाव्या बाजूला जरा काळंनिळं पडलं, काही दिवसांत गेलं. नेकनूरच्या एसटीत कुणी विचारलं तर काय सांगणार, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, दिवाळीत कुणाचे गाल भरलेले नसतात?

आता मला लोक विचारतात, फिलर चांगलं की वाईट. मी सांगते की औषधासारखंच आहे. ज्याला हवं त्याला, हवं तेवढं, हव्या वेळेला, शिकलेल्या डॉक्टरकडून. आणि कागदावरचे धोके संपले की गावातले धोके पेशंटलाच विचारायचे, ते त्यालाच माहीत असतात.

कारखाना पुढं सुरू झाला, नवरा परत कामावर गेला, मी मात्र क्लिनिक सोडलं नाही. आपा आता घरीच असतात. गुडघे गेलेत, ऑपरेशनला घाबरतात, पुढच्या वर्षी बघू म्हणतात. मी त्यांना सांगून ठेवलंय आणि इथंही लिहून ठेवते. ज्या दिवशी त्या हो म्हणतील, त्या दिवसापासून त्या स्वतःच्या पायांनी टँकर थांबायचा त्या जागेपर्यंत चालत जाईपर्यंत मी रजा घेऊन त्यांच्या उशाशी राहणार आहे, आणि कुठं दुखतंय हे न विचारता, कशानं बरं वाटतं ते विचारणार आहे.